सारस, सातबारा आणि सिंकथिंग

धानाच्या बांधीत उभा असलेला सारस दोनशे पावलांवरून मोबाईलने टिपला की फोटोत काय येतं? भरपूर हिरवं, वर थोडं आभाळ आणि मधोमध एक राखाडी उभी रेघ. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच म्हणून ज्याची ओळख, त्याची ही अवस्था. फोटो बोटांनी ताणला की रेघेच्या टोकाला लाल डोकं सापडतं. आणखी ताणला, आणि फोटो धड असला, तर पायाशी पात्यांमध्ये एक तांबूस ठिपका दिसतो. तो ठिपका पिल्लू की वाळकं गवत, यावर आमच्यात तासभर वाद रंगतो. चहा माझ्या खर्चाने होतो, कारण वाद माझ्या दुकानात होतो.

दुकान गोंदिया जिल्ह्यात, बाघ नदीच्या अलीकडच्या एका बाजारगावात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. सातबारा काढून देणं, पीकविमा भरणं, धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो, असा पोटापाण्याचा धंदा. सारसांचं काम त्याला चिकटून आलेलं. नदीकाठच्या गावांतले आम्ही काही जण या पक्ष्यांवर लक्ष ठेवतो. संस्था नाही, नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. कुणाच्या बांधीत जोडी उतरली, कुठं घरटं लागलं, किती पिल्लं उडाली, एवढीच नोंद ठेवायची. महाराष्ट्रात सारसाची वीण आज जवळपास याच जिल्ह्यात उरली आहे. शेजारच्या भंडाऱ्यात मोजकेच दिसतात, नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काही. 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि शेतकरी मिळून उन्हाळ्याच्या शेवटी गणना करतात, आणि गोंदियाचा आकडा अलीकडे पन्नाशीच्या आतच राहिला आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून फोटोला वजन आलं. तारेला लागून सारस मेला, रेतीच्या गाड्यांनी काठ उकरला, असं नुसतं तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. तारीख लागते, वेळ लागते, फोटो लागतो. संगणक माझ्याकडे, म्हणून फोटो सांभाळणंही माझ्याकडे आलं.

सुरुवातीला सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. चार एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीचा होऊन येतो. लग्नाच्या फोटोंना ते चालतं, चेहरे ओळखू येतात. आमची राखाडी रेघ मात्र ताणायला गेलं की चौकोनी ठिपक्यांचा भुगा होतो आणि पिल्लू असलंच तर त्या भुग्यात जातं. फोनने फोटोच्या पोटात लिहून ठेवलेली माहिती, म्हणजे कधी काढला, कुठं काढला, तीही वाटेत गळते. वर नाव बदलतं. कॅमेरा सहसा फोटो काढल्याची तारीख फाइलीच्या नावात घालतो, व्हॉट्सॲप फोटो आल्याची घालतं. जुलैत टिपलेला घरट्याचा फोटो कुणी ऑक्टोबरात सवडीने पाठवला की तो नावावरून ऑक्टोबरचा. हलके धान कापणीला आलेत आणि सारस अंड्यांवर बसलाय, अशी नोंद करायची वेळ! डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फोटो जसाच्या तसा येतो, असं मी सगळ्यांना शिकवलं. आठवडाभर सगळ्यांनी पाळलं. रोवणी सुरू झाली, हात चिखलाचे झाले, आणि जो तो पुन्हा सवयीच्या बटणावर गेला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. भर रोवणीत माणसाने फोटो काढला हेच पुष्कळ.

गूगल फोटोजचा मार्ग होता. १ जून २०२१ पूर्वी तिथं थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. त्यानंतर मेलसकट सगळं पंधरा जीबीत बसवायचं, पुढचे पैसे. पण पैशाचा प्रश्न नंतरचा. आमच्यातल्या बहुतेकांचं जीमेल खातं फोन घेताना मोबाईलच्या दुकानदाराने उघडून दिलेलं. पासवर्ड त्याला ठाऊक होता, तोही आता विसरला. रोजचा दीड जीबी डेटा संध्याकाळी पोरांच्या व्हिडिओंत संपतो. आणि नदीकाठी नेटवर्कची एक दांडी असते, ती झाडावर चढल्यावर दोन होते.

सिंकथिंगचं नाव नागपूरला नोकरीत असलेल्या भाच्याने सांगितलं. स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी २०१३ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं. फुकट आहे, आणि त्याची घडण उघडी आहे, कुणीही वाचावी. काम एवढंच की फोनमधला एक फोल्डर आणि संगणकातला एक फोल्डर सारखे ठेवायचे. मधे कुठल्या कंपनीचं कोठार नाही. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांची एक ओळख मिळते. या यंत्राची ओळख त्याला आणि त्याची याला सांगितली, दोघांनी होकार दिला, तरच देवाणघेवाण सुरू होते. छप्पन अक्षरं टंकायची गरज नाही, पडद्यावरचा क्यूआर कोड दाखवला की झालं. फोनपेमुळे ती सवय आता आजीबाईंनाही आहे. फाइल तुकड्या-तुकड्यांनी जाते, प्रत्येक तुकडा पोचल्यावर पडताळला जातो, आणि मधेच लाइट गेली तर पुढच्या वेळी फक्त उरलेले तुकडे जातात. आमच्या भागात लाइटची जी तऱ्हा आहे, ती पाहता मला हे सगळ्यात आधी आवडलं.

भाच्याने ते सांगितलं ते त्याच्या सोयीने, दोन शहरांतले दोन संगणक इंटरनेटवरून जोडायला. मला त्यातली एक बारकी गोष्ट महत्त्वाची वाटली. फोन आणि संगणक एकाच वायफायवर असतील तर ते आपसांत एकमेकांना शोधतात, आणि मग इंटरनेटची गरजच उरत नाही. राउटर चालू असला की पुरे. केबल तुटलेली असो, टॉवर बंद असो, दुकानातला राउटर इन्व्हर्टरवर चालतो. आणि नदीकाठची माणसं दुकानात येतातच! बाजाराच्या दिवशी येतात, पीकविम्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तर झुंडीने येतात, धान खरेदीच्या नोंदणीला येतात, बियाणं घेऊन जाताना सातबारा घ्यायला डोकावतात. त्यांना फोटो पाठवायला लावायचे कशाला? ते आले म्हणजे फोटो आले. प्रत्येकाच्या फोनमध्ये दुकानाचं वायफाय एकदा जोडून ठेवलं. फोन खिशात, माणूस बाकावर, मी त्याचा सातबारा शोधतोय, आणि तेवढ्यात आठवड्याचे फोटो संगणकात उतरतात. दोनशे फोटो म्हणजे आठेकशे एमबी. माझ्या जुन्या राउटरवरही चहा संपेपर्यंत येतात.

एक काका, वय साठीचं, हे बघून फार अस्वस्थ झाले. "का जी, नेट तर बंद दाखवून राहिलं. मंग फोटो गेले कुठून?"

"बाजूच्या बाजूला गेले जी, काका. बाहेर गेलेच नाही."

"बाहेर न जाता गेले?" त्यांनी फोन उलटा करून पाहिला. मग संगणकावर स्वतःच्या बांधीचा फोटो पाहिला, धुऱ्यावर ठेवलेला स्वतःचा डबा त्यात ओळखला, आणि एवढ्याने त्यांचं समाधान झालं.

जोडणी मात्र सहजासहजी झाली नाही. ग्राहकांसाठीच्या वायफायवर एका यंत्राला दुसरं दिसू न देण्याची सोय राउटरमध्ये असते आणि ती चालू ठेवणंच शहाणपणाचं. त्यामुळे आमच्या लोकांसाठी वेगळं वायफाय काढावं लागलं. ठरावीक वायफायवरच चाल, अशी अट घातली तर ॲप फोनचं लोकेशन विचारायची परवानगी मागतं, कारण अँड्रॉइडमध्ये वायफायचं नाव कळायलाही तीच परवानगी लागते. सारसांच्या जागा लपवा म्हणून सांगणारा माणूस आपल्यालाच जागा विचारणारं ॲप टाकायला लावतो, ही शंका एकदम रास्त होती. ती दूर करायला मला बराच वेळ लागला. स्वस्तातले फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲपं मारून टाकतात, म्हणून प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये शिरून या ॲपला हात लावू नको असं बजावावं लागलं. हे बटण दर फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी असतं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, वाचणाऱ्याला झोप येईल.

जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. फोनच्या बॅकअपच्या सूचना कुठंही बघा, पहिलं वाक्य असतं की कॅमेऱ्याचा फोल्डर निवडा. पहिला फोन जोडण्याआधी मी मालकाच्या समोरच तो फोल्डर उघडला. सारस होते, पाच-सहा. बाकी? बँकेचं पासबुक. आधार कार्ड, दोन्ही बाजू. बायकोच्या सोनोग्राफीचा कागद. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल, कृषी केंद्रात दाखवायला काढलेलं. जळालेल्या मोटरचं वायंडिंग. मुलीचा वाढदिवस. शेजाऱ्याने धुरा कोरला त्याचा पुरावा. गावातल्या माणसाच्या फोनचा कॅमेरा हा आता त्याचा कागदपत्रांचा गठ्ठा आहे, दवाखान्याची फाइल आहे, भांडणाचं दप्तर आहे. हे सगळं एका झेरॉक्सवाल्याच्या संगणकात आपोआप येऊन पडावं? मी रोज लोकांचे आधार कार्ड हाताळतो, पण ते त्यांनी स्वतः टेबलावर ठेवलेले असतात आणि काम झालं की परत जातात. इथं तर फोन खिशातच राहणार आणि मालकाला पत्ताही लागणार नाही.

म्हणून कॅमेऱ्याचा फोल्डर घ्यायचा नाही असं ठरलं. ओपन कॅमेरा नावाचं एक फुकट ॲप आहे, त्यात फोटो कुठं ठेवायचा ते सांगता येतं. प्रत्येकाच्या फोनवर ते टाकलं, त्याला 'सारस' नावाचा फोल्डर दिला, आणि सिंकथिंगला तेवढाच फोल्डर दाखवला. घरचा कॅमेरा वेगळा, पक्ष्यांचा वेगळा. त्यातही माणसं विसरतात. समोर जोडी नाचायला लागली की नेहमीचाच कॅमेरा उघडला जातो, हे ओघाने आलंच. असे फोटो ती मंडळी नंतर निवडून 'सारस'मध्ये हलवतात. थोडं काम वाढलं, पण प्रत्येक फोटो मालकाने हाताने दिलेला असतो.

आमच्यात एक ताई आहेत. स्वतःच्या तीन एकरांत रोवणीपासून कापणीपर्यंत राबणाऱ्या. घरट्याभोवतालचं धान तसंच उभं ठेवण्यावरून त्यांनी घरच्यांशी भांडण केलेलं. त्यांनी मला सरळ विचारलं, "भाऊ, माझ्या फोनमधलं तुम्ही काय काय पाहता?" मी तोंडाने सांगू लागलो तर म्हणाल्या, "थांबा." एका कॅमेऱ्याने स्वतःच्या पिशवीचा फोटो काढला, दुसऱ्याने माझ्या टेबलाचा. मग माझी खुर्ची बाजूला सारून संगणकापुढे बसल्या आणि वाट पाहिली. टेबल आलं. पिशवी आली नाही. त्यांनी आणखी एकदा, उलट क्रमाने करून पाहिलं. नंतर जे कुणी नवे जोडले गेले त्यांना मी समजावून सांगत बसत नाही, ताईंची ही परीक्षा करायला लावतो.

आता पुसण्याचं. फोन चौसष्ट जीबीचा, त्यातला अर्धा व्हॉट्सॲपने खाल्लेला. मेमरी फुल्ल झाली की माणूस सगळ्यात आधी काय पुसतो? ज्याची प्रत दुसरीकडे आहे असं त्याला सांगितलेलं असतं, ते. "दुकानात आहेत ना फोटो!" आणि इथंच सिंकथिंगचा स्वभाव आडवा येतो. दोन्ही फोल्डर सारखे ठेवणं हे त्याचं काम; फोनमधून पुसलं तर ते संगणकातूनही इमानेइतबारे पुसतं. मी हे आधी माझ्याच फोनवर मुद्दाम करून पाहिलं होतं, क्षणात फोटो गायब. पुष्कळांना वाटतं की संगणकाच्या बाजूला 'फक्त घेणारा' असं ठरवून दिलं की संरक्षण मिळालं. तसं नाही. त्याने एवढंच होतं की संगणकात केलेले फेरफार फोनकडे जात नाहीत. फोनकडून येणारं पुसणं मात्र तो निमूट घेतो.

शेतकऱ्याला हे समजावणं संगणकवाल्याला समजावण्यापेक्षा सोपं गेलं. सिंकथिंगचा फोल्डर म्हणजे खळं. धान तिथं उतरतं, पसरतं, पाखरं खातात, पाऊस आला तर भिजतं. कोठीत भराल तेव्हाच ते वर्षाचं होतं. मी दोन गोष्टी केल्या. संगणकाच्या बाजूला पुसलेल्या फाइली फेकून न देता एका वेगळ्या कप्प्यात टाकण्याची सोय चालू केली आणि तो कप्पा कधीही आपोआप रिकामा होणार नाही असं ठरवलं. आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, आलेले फोटो उतरणीच्या फोल्डरातून उचलून गाव, वर्ष, महिना अशा मांडणीच्या कायमच्या फोल्डरात नकलून ठेवतो. त्या फोल्डराशी कुणाचाही फोन जोडलेला नाही. त्याची आणखी एक नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती डिस्क माझ्या घरी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने फोटोवाल्यांसाठी एक हिशेब घालून दिला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर असल्याने दुसरी जागा म्हणायला जरा लाज वाटते. नदी दोन्हीकडे सारखीच येईल.

तिसरी प्रत नागपूरला भाच्याकडे आहे, आणि तिच्यामुळेच मला हे सॉफ्टवेअर खरं पटलं. घरटं नेमकं कुठं आहे हे आम्ही बोलत नाही. लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन गाड्या येतात, धुऱ्या-धुऱ्याने पुढं सरकतात, पक्षी अंड्यांवरून उठतो. अंडी साधारण दोनच असतात, महिनाभर उबवायची, पिल्लू उडायला पुढे तीन महिने. एका सकाळच्या गडबडीत वर्ष वाया जाऊ शकतं. आणि आमच्या फोटोंच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात, दशांशाच्या पुढे इतक्या घरांपर्यंत की थेट त्या बांधीवर जाऊन उभं राहावं. हेच आकडे आम्हाला हवे असतात, कारण तीच जोडी पुढच्या वर्षी त्याच शिवारात उतरली का, हे त्यावरून कळतं. आल्यावर दोन-चार फोटोंत मी ते तपासूनही घेतो. म्हणजे जपायचं तेच लपवायचं. सिंकथिंगमध्ये एक सोय अशी आहे की एखाद्या यंत्राला फक्त कुलूपबंद प्रत द्यायची. फाइली तिथं साठतात, पण मजकूर आणि फाइलींची नावं सगळी सांकेतिक, किल्ली माझ्याकडे. भाच्याच्या संगणकात आमचे सगळे सारस आहेत आणि त्याला एकही दिसत नाही. पहिली भरती त्याने दिवाळीत विदर्भ एक्सप्रेसने लॅपटॉप इथं आणला तेव्हा दुकानाच्या वायफायवर केली. त्यानंतर फक्त नवं तेवढं जातं, रात्री, नेट असेल तेव्हा. किल्लीचा पासवर्ड एका कागदावर लिहून ताईंच्या घरी ठेवला आहे. तो कागद कशाचा आहे हे त्यांच्या घरात फक्त त्यांना ठाऊक.

हे सगळं कशासाठी, असं मला दुकानात पुष्कळ जण विचारतात. एकदाच्या प्रसंगाने उत्तर देतो. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा सारस उरलेल्या तलावांवर, नदीच्या डोहांवर गोळा होतात. नदीच्या या काठावरून एका मुलाने चार पक्षी पाहिल्याचं सांगितलं, दीड-दोन किलोमीटर वरच्या अंगाला दुसऱ्याने चार. आठ की चार? जिथं जिल्ह्याचा सगळा आकडाच दोन अंकी आहे, तिथं चारचा फरक म्हणजे बातमी. दोघांचे मूळ फोटो 'सारस'मध्ये आलेले होते. पहिल्याची वेळ सकाळी सहा वाजून काही मिनिटं, दुसऱ्याचीही तीच, मधे दोन मिनिटांचं अंतर. फोनची घड्याळं नेटवर्कवरून लागलेली, म्हणजे भरवशाची. दोन्ही फोटोंत पक्षी पाण्यात उभे, चरताना. दोन मिनिटांत चार पक्षी एका डोहावरून उठून दुसरीकडे उतरून शांतपणे चरायला लागतील हे कठीण. शिवाय पूर्ण आकाराचा फोटो ताणल्यावर एका घोळक्यात मागच्या वर्षीचं पिल्लू दिसलं, डोक्या-मानेवर लाली न उतरलेलं, तपकिरी. दुसऱ्यात चारही पक्षी पुरते वाढलेले. आठ. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंवर हा निवाडा झाला नसता. वेळ नसती आणि तपकिरी डोकंही नसतं.

उलटंही होतं. एका फोनचं घड्याळ हाताने लावलेलं निघालं, पाऊण तास पुढे. असा फोन सापडला की त्यातल्या फोटोंसोबत मी एक चिठ्ठी-फाइल ठेवतो, अमुक काळातल्या वेळा धरू नका. मूळ फोटोला हात लावत नाही.

२०२४ च्या अखेरीस सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप बंद झालं. सांभाळणाऱ्याने ते एकट्याच्या वेळात चालवलेलं, त्यात प्ले स्टोअरचे नियम दर वर्षी अधिक काटेकोर. शेवटी त्याने थांबवलं. संगणकावरचं मूळ सॉफ्टवेअर तसंच सुरू राहिलं आणि फोनसाठी दुसऱ्यांनी चालवलेलं सिंकथिंग-फोर्क होतंच, आम्ही त्यावर गेलो. पण दर फोन हातात घेऊन जुनं काढणं, नवं टाकणं, पुन्हा क्यूआर, पुन्हा होकार. फुकट सॉफ्टवेअरची किंमत अशी वसूल होते, आणि ती द्यायला मी तयार आहे. निदान फोटो कुणाच्या ताब्यात अडकले नाहीत. ॲप गेलं तरी फोल्डर साधा फोल्डरच राहिला.

या बदलात आमच्यातलीच बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी पुढे झाली. बाजाराच्या दोन दिवसांत तिने सगळे फोन उरकले, माझ्यापेक्षा निम्म्या वेळात. तेव्हापासून ती माझ्या मांडणीवर टीका करते. तिचं म्हणणं, नुसते सारस कशाला? बांधीतलं पाणी, फवारणीचा दिवस, बोडीची पातळी, नवीन ओढलेली तार, हेही त्याच जागेवरून दर पंधरवड्याला टिपलं पाहिजे. पक्षी का गेला ते पक्ष्याच्या फोटोत नसतं. मी म्हणतो, डिस्क भरेल. ती म्हणते, भरू दे. तिने मला न विचारता 'बांधी' नावाचा दुसरा फोल्डर सुरू केला आणि काकांनी तो माझ्याआधी वापरायला घेतला.

अलीकडे लोक वेगळीच मागणी करतात. "भाऊ, घरचे पण फोटो ठेवून घ्या ना. फोन पडला पाण्यात तर सगळंच जाते." खरं आहे, जातं. रोवणीच्या दिवसांत फोन चिखलात पडण्याचं प्रमाण मोठं आहे. तरी मी नाही म्हणतो. तुमची सोनोग्राफी आणि तुमचं भांडण माझ्या दुकानात नको. त्याऐवजी घरात मुलाचा शाळा-कॉलेजचा लॅपटॉप असेल, सरकारी योजनेत मिळालेला असो की जुना विकत घेतलेला, तो घेऊन या म्हणतो. राउटर नसला तरी एका फोनचा हॉटस्पॉट चालतो. त्या लॅपटॉपवर सिंकथिंग टाकायचं, घरातले फोन त्याला जोडायचे, पुसलेलं वेगळं ठेवायची सोय चालू करायची आणि दर महिन्याला एका पेनड्राइव्हवर उतरवून तो धान्याच्या कोठीपासून दूर, कोरड्या जागी ठेवायचा. गेल्या बाजाराला ताई त्यांच्या मुलाचा लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांच्या जावेचा फोनही सोबत होता. जावेने विचारलं की हिचे फोटो मला आणि माझे हिला दिसतील का. मी म्हटलं, एकच फोल्डर केला तर दिसतील, दोन केले तर ज्याचे त्याला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाल्या, "दोन करा."